आतड्याचे ऑपरेशन आणि हात धुण्याचा इतिहास

बचत गटाच्या बैठकीत आम्ही हप्ते आणि व्याज मोजतो, तसेच घराघरातले दवाखानेही तिथे निघतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन म्हटले की एक प्रश्न हमखास येतो, "ताई, गाठ तर काढली, मग जखम चिघळते कशी?" या प्रश्नाचे उत्तर शोधायला डॉक्टरांना शंभर-दीडशे वर्षे लागली. ती हकीकत आज सांगतो.

आधी आतड्याचे वेगळेपण समजून घेऊ. हाताला विळा लागला तर जंतू बाहेरून येतात. आतडे कापले तर जंतू आतच बसलेले असतात. चिमूटभर मळात अब्जावधी जंतू असतात. आतड्यात असतात तोवर ते आपले काही बिघडवत नाहीत. पण तेच पोटाच्या पोकळीत किंवा चिऱ्यात उतरले की पू होतो. म्हणून आतड्याच्या ऑपरेशननंतर जंतुसंसर्गाची भीती जास्त.

आपल्याकडे सुश्रुताला याची जाण होती. सुश्रुतसंहितेत फाटलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांच्या डोक्यांनी धरून ठेवण्याची रीत सांगितली आहे. जखमी माणसाच्या खोलीत मोहरी, कडुलिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी द्यायलाही सांगितले आहे. जंतू कोणी पाहिले नव्हते, पण खोली स्वच्छ हवी एवढे ठाऊक होते.

पुढची गोष्ट बायकांच्या बाळंतपणातून सुरू होते. व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी फार मरत. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने पाहिले, की हे विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींना तपासायला येतात. १८४७ साली त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. १८४६ साली त्या विभागात शंभरातल्या अकरा बाळंतिणी दगावल्या होत्या. १८४८ साली तो आकडा एक-दोनवर आला. तरी मोठ्या डॉक्टरांना पटले नाही. आमचे हात घाण, हे ऐकून कोण घेणार? ऑगस्ट १८६५ मध्ये सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात वारला, तोही जखम चिघळून.

त्याच महिन्यात ग्लासगोला लिस्टर नावाच्या सर्जनकडे अकरा वर्षांचा मुलगा आला. त्याच्या पायावरून गाडीचे चाक गेले होते. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक अॅसिडची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, पाय वाचला. तिथून जंतू मारून ऑपरेशन करायची पद्धत रुजली आणि पोट उघडायचे धाडस वाढले.

आतड्याला मात्र एवढे पुरले नाही. जोड सुटला की मळ पोटात उतरे आणि रोगी दगावे. म्हणून जुन्या सर्जननी आतड्याचे तोंड पोटावर बाहेर काढायची युक्ती केली. आजही नवा जोड भरेपर्यंत काही रोग्यांना पोटावर पिशवी देतात. मैत्रिणींनो, पिशवीला कोणी नाक मुरडले तर हे सांगा. ती शिक्षा नाही. संसर्गापासून जीव वाचवायची ती वाट आहे.

मुंबईत जे.जे. रुग्णालय १८४५ पासून आहे. कॅन्सरसाठीचे टाटा रुग्णालय परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्यासमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस या तिथल्याच सर्जनचे नाव आहे. पेनिसिलिन तेव्हा परदेशातून येई. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि ते औषध आपल्या देशात बनू लागले.

पण औषध कधी द्यायचे? १९६१ साली बर्क नावाच्या संशोधकाने प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले, की जंतू शिरण्याआधी औषध रक्तात असेल तरच खरा उपयोग. उशिरा दिलेले वाया जाते. म्हणून आज अँटिबायोटिकचे इंजेक्शन चिरा देण्याआधी देतात. १९९६ साली आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० रोग्यांवरचा अभ्यास छापून आला. ज्यांचे अंग ऑपरेशनच्या वेळी उबदार ठेवले, त्यांच्यात शंभरातल्या सहा जणांची जखम चिघळली. ज्यांचे अंग गार पडू दिले, त्यांच्यात एकोणीस जणांची. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने नियम दिले. ऑपरेशनआधी अंघोळ करावी, वस्तऱ्याने केस काढू नयेत, ठरवून केलेल्या आतड्याच्या ऑपरेशनआधी पोट साफ करताना तोंडाने अँटिबायोटिकही द्यावे आणि ऑपरेशननंतर ते उगाच लांबवू नये. २०२२ साली भारतासह सात देशांतल्या तेरा हजारांवर रोग्यांचा अभ्यास आला. पोट शिवण्याआधी हातमोजे आणि हत्यारे बदलली, तर चिघळणाऱ्या जखमा शंभरात एकोणीसवरून सोळावर येतात. सेमेलवाइसचेच म्हणणे, नव्या रूपात.

इथून पुढचे काम आपले आहे. रोगी सात-आठ दिवसांत शेगावला किंवा मलकापूरला गाडीतून उतरतो, पण जखम चिघळण्याचा धोका महिनाभर असतो. जखम चिघळली तर पुढची केमोथेरपी लांबते, आणि ती वेळेवर होणे कॅन्सरमध्ये महत्त्वाचे असते.

म्हणून सुईणबाई, आत्याबाई, सासूबाई, सगळ्यांनी ऐका. टाक्यांवर हळद, तूप, राख काही लावू नका. ड्रेसिंगला आणि पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. भेटायला येणाऱ्यांनी खाटेवर बसू नये, जखम उघडून पाहू नये. शुगर असेल तर ती आटोक्यात ठेवा. बिडी-सिगारेट ऑपरेशनच्या महिनाभर आधीच सोडायला लावा, कारण धुरामुळे जखमेला रक्त कमी पोचते. उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नका, मेडिकलमधून आणूही नका. आणि ताप आला, जखम लाल होऊन सुजली, पू किंवा घाण वास आला, पोट फुगले, दुखणे वाढत गेले, तर सोमवारची वाट पाहू नका. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झाले तिथे त्याच दिवशी फोन करा. कार्ड आणि फोन नंबर भिंतीवर लावून ठेवा.

आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे. टाटाला जाणारे रोगी आणि नातेवाईक तिथे उतरतात. बाबांचा खराटा आपल्या घरी आला, तर ऑपरेशनने मिळवलेले आयुष्य आपण घालवणार नाही. पुढच्या बैठकीत हात धुण्याची रीत सगळ्या जणी मिळून करून पाहू.