पाच की सात?

कानाचं मशीन आजवर जेव्हा जेव्हा लहान किंवा स्वस्त झालं, तेव्हा ते दुसऱ्याच कुठल्या तरी धंद्याच्या पाठीवर बसून झालं. आधी टेलिफोनच्या, मग रेडिओच्या, आता मोबाइलच्या. आमच्या मारुंजीत साठी-सत्तरीची काही माणसं दीड-दोन हजारांचे ब्लूटूथ बड्स कानात घालून घरातलं बोलणं ऐकू पाहतात, तोही ह्याच गोष्टीचा पुढचा भाग. मी प्रेस शॉपमधून निवृत्त झालेला ऑपरेटर. पिंपरी-चिंचवडच्या ह्या पट्ट्यातली माणसं बहिरी कशी होत गेली ते जवळून पाहिलंय, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली 1954 साली. एमआयडीसी स्थापन झाली 1962 मध्ये. त्या दशकात आकुर्डीला स्कूटर बनू लागल्या, टेल्को आली, आणि मोठ्या कंपन्यांना पत्रा कापून, दाबून, घासून देणारी शेकडो छोटी वर्कशॉप भोसरी-चिंचवडात उभी राहिली. मारुंजी तेव्हा मुळशी तालुक्यातलं भात-ज्वारीचं गाव. घरटी एखादा पोरगा तरी सायकल काढून वाकड, डांगे चौक करत चिंचवडच्या बाजूला कामाला जायचा. हिंजवडीत आयटी पार्क आलं 1990च्या दशकाच्या शेवटी. त्याआधीच्या आमच्या दोन पिढ्यांनी गावाबाहेरचा पैसा पाहिला तो लोखंडाच्या जिवावर.

लोखंड बोलतं फार. पॉवर प्रेसचा स्ट्रोक पडला की आवाज कानाआधी छातीत जातो. शेजारी ग्राइंडर, पलीकडे पत्रा कापायचं शिअरिंग मशीन, वर पत्र्याचं छप्पर. तिथे तोंडाने बोलायची सोयच नव्हती, सगळा कारभार खुणांवर. हवेत मूठ फिरवली की फिटरला बोलव. अंगठा ओठाला लावला की चहा आला. मनगटावर टिचकी मारली की पाळी सुटायला किती वेळ आहे सांग. नवा पोरगा महिन्याभरात ही भाषा शिकायचा, आणि घरी गेल्यावर मोठ्याने बोलायला लागायचा. बायका म्हणायच्या, कंपनीत लागल्यापासून ह्यांचा आवाज चढलाय. आवाज चढला नव्हता, कान उतरले होते.

कायदा नव्हता असं नाही. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा होती आणि आवाज जितका वाढेल तितका वेळ कमी करायचा होता: 95 ला चार तास, 100 ला दोन. 1948च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजाने येणारा बहिरेपणा हा धंद्यातला रोग म्हणून नोंदलेला होता. कामगार भरपाईच्या कायद्यातही तो होता. मी ज्या वर्कशॉपांत काम केलं तिथे मात्र आमच्या कानात असायचा मशीन पुसायच्या वेस्टचा बोळा. इअरप्लग येत ते तपासणी असली की, आणि तपासणीबरोबरच परत जात. वर्कशॉपांचं नाव घेत नाही, कारण तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच होतं.

ह्या बहिरेपणाची चाल मात्र वेगळी असते. आवाजाने कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी 4,000 हर्ट्झच्या आसपासचे बारीक, टोकदार आवाज जातात. ऑडिओग्रामच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या, कागदावर तिथे खड्डा दिसतो. जाड आवाज शाबूत असतात, त्यामुळे माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतंय, समोरचाच नीट बोलत नाही. स्वर कळतात, व्यंजनं निसटतात. भाजीवाली ‘पाच’ म्हणाली की ‘सात’? मधला ‘आ’ लख्ख ऐकू येतो, त्याच्या मागचं-पुढचं गळून पडतं. मग आपण दहाची नोट पुढे करतो आणि सुटे परत येतात ते मोजून आकडा काढतो. ह्या पट्ट्यातले निवृत्त कामगार बाजारात नोटच का पुढे करतात, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आता मशीनकडे येऊ. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा मुळात बहिऱ्या मुलांचा शिक्षक. त्याच्या आईला ऐकू येत नव्हतं, बायकोलाही नाही. 1876 साली त्याने टेलिफोनचं पेटंट घेतलं. टेलिफोनच्या कार्बन मायक्रोफोनवरच विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिकेत मिलर हचिसन ह्याने विजेवर चालणारं कानाचं मशीन उभं केलं. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा हिने ते वापरलं, आणि मग त्याला गिऱ्हाईक मिळालं. त्याआधी होते ते कानाला लावायचे कर्णे. बीथोव्हनकडेही तेच होते.

पुढे रेडिओचे व्हॉल्व्ह कानाच्या मशीनमध्ये आले. आवाज सुधारला, पण व्हॉल्व्ह गरम करायला एक बॅटरी आणि चालवायला दुसरी, जास्त दाबाची. मशीन छातीवर, बॅटऱ्या कमरेला. 1947 मध्ये बेल लॅबोरेटरीत ट्रान्झिस्टर निघाला आणि ही बॅटरीची कटकट संपायची वाट मोकळी झाली. कंपनीने बेलच्या स्मरणार्थ कानाची मशीनं करणाऱ्यांना ट्रान्झिस्टरची रॉयल्टी माफ केली. त्यामुळे सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात ट्रान्झिस्टर पहिल्यांदा आला तो रेडिओतून नव्हे, कानाच्या मशीनमधून: 1952च्या डिसेंबरात, सोनोटोन कंपनीचं मॉडेल, किंमत 229 डॉलर 50 सेंट. खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत आला 1954 मध्ये, पन्नास डॉलरला. म्हणजे शेजारी विविध भारती ऐकणारा जो ट्रान्झिस्टर वाजवायचा, त्याच्या आतल्या तंत्राची पहिली चाचणी बहिऱ्यांच्या खिशावर झालेली होती. रेडिओ लाखोंनी खपला आणि स्वस्त झाला. कानाचं मशीन थोड्यांनी घेतलं आणि महागच राहिलं.

आपल्याकडे सरकारी मशीन म्हणजे खिशातली डबी. शर्टाच्या खिशात चपटी पेटी, आत पेन्सिल सेल, तिथून कानापर्यंत वायर. कानपूरची सरकारी कंपनी ॲलिम्को अशी साधनं बनवते. 1981 पासून केंद्राच्या योजनेतून ती गरजूंना मिळू लागली. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 मध्ये सुरू झाली. सोयी झाल्या, पण डबीची लाज गेली नाही. खिशातल्या डबीवर शर्टाचं कापड घासलं की कानात खरखर, आणि वायर दिसली की पोरं मागून हाका मारून मजा बघणार. आमच्याकडे चष्म्याला कोणी नावं ठेवत नाही, मशीनवाल्याला मात्र ‘बहिरोबा’ म्हणतात. परदेशातही वेगळं नव्हतं. 1950च्या दशकात तिथे चष्म्याच्या काडीत लपवलेली मशीनं निघाली. ह्या धंद्याची निम्मी अक्कल मशीन लपवण्यात खर्च झाली आहे.

1996च्या सुमारास पूर्ण डिजिटल मशीनं आली. प्रत्येक पट्टीतला आवाज हवा तेवढाच उचलायचा, 4,000 हर्ट्झच्या खड्ड्यात तेवढीच भर घालायची, हे जमू लागलं. आमच्यासारख्यांना हवं होतं ते हेच. पण चांगल्या जोडीचा भाव लाखाच्या घरात जातो. कामगारांच्या ईपीएस-95 पेन्शनची किमान रक्कम 2014 पासून महिना 1,000 रुपये ठरलेली. राज्याची वयोश्री योजना 2024 मध्ये आली. तिच्यात पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. तीन हजारांत बऱ्यापैकी बड्स येतात, कानाचं धड मशीन येत नाही. माणूस बड्सकडे वळतो तो फॅशनसाठी वळत नाही.

बड्सचा इतिहास अगदी अलीकडचा. 2016 मध्ये ॲपलने फोनमधून इअरफोनचं भोक काढून टाकलं आणि वर्षाच्या शेवटी एअरपॉड्स विकायला आणले. मग जगभर तशा जोड्या निघाल्या. बारीक मायक्रोफोन, बारीक बॅटरी, बारीक चिप, सगळं कोट्यवधींच्या हिशेबाने बनू लागलं. जे कानाच्या मशीनच्या धंद्याला शंभर वर्षांत जमलं नाही ते गाणी ऐकणाऱ्या पोरांनी आठ-दहा वर्षांत करून दिलं. उलट देणंही आहे: ब्लूटूथच्या नव्या ‘एलई ऑडिओ’ पद्धतीची सुरुवात युरोपातल्या कानाच्या मशीनवाल्यांच्या मागणीतून झाली.

अमेरिकेने 2022च्या ऑक्टोबरपासून सौम्य आणि मध्यम बहिरेपणासाठी चिठ्ठीशिवाय मशीन विकायला परवानगी दिली. 2024च्या सप्टेंबरात एअरपॉड्स प्रो 2 ला तिथे श्रवणयंत्र म्हणून वापरण्याची मंजुरी मिळाली. भारतात ती सोय तेव्हा बंद होती. बंगळुरूच्या तीन तरुणांनी आजीसाठी ती चालू करून दाखवली: बाहेरचं वाय-फाय अडावं म्हणून एका डब्याला ॲल्युमिनियमचा कागद लावला, शेजारी मायक्रोवेव्ह चालू ठेवला आणि डब्यात ठेवलेल्या ॲपलच्या यंत्राला अमेरिकेतल्या वाय-फायचे खोटे पत्ते ऐकवले. यंत्राला वाटलं आपण कॅलिफोर्नियात आहोत. आजीला ऐकू यावं म्हणून नातवंडांना यंत्राशी खोटं बोलावं लागलं.

पण त्या जोडीला तेव्हा पंचवीस हजारांच्या आसपास पडत, वर ॲपलचा फोन किंवा टॅब्लेट लागतो. मारुंजीत चालतात ते साधे बड्स, आणि त्यांच्या वापराचे दोन प्रकार. एकात फोन मायक्रोफोनचं काम करतो. 2019 पासून अँड्रॉइडवर ‘साउंड ॲम्प्लिफायर’ आहे. फोन बोलणाऱ्यासमोर ठेवायचा, आवाज कानात येतो. टीव्हीसाठी, कीर्तनासाठी उत्तम. मी सप्ताहात फोन बुवांच्या जवळच्या स्पीकरपाशी ठेवून मागे खांबाला टेकून बसतो. गप्पांना मात्र उपयोग कमी, कारण ब्लूटूथमधून येताना आवाज मागे पडतो. ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो. दुसरा प्रकार म्हणजे बड्समधलीच बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय. तिथे उशीर जाणवत नाही. पण स्वस्त जोडी सगळाच आवाज सरसकट वाढवते. कुकरची शिट्टी, बाहेरचं ट्रॅफिक आणि सूनबाईचं ‘नाना, जेवायला चला’ एकाच मापाने कानात. बॅटरी पाच-सहा तासांत संपते. कान बंद झाल्याने स्वतःचं चावणं डोक्यात वाजतं. ज्यांचा बहिरेपणा जास्त आहे त्यांना ह्यातलं काहीच पुरत नाही.

तरी एक गोष्ट बड्सनी केली, जी कुठल्याही डॉक्टरला जमली नाही. लाज घालवली. मारुंजीच्या नव्या सोसायट्यांतली आयटीवाली पोरं दिवसभर कानात तेच घालून फिरतात, त्यामुळे म्हाताऱ्याच्या कानात ते दिसलं तर कोणी वळून बघत नाही. आणखी एक गंमत करवाल्यांची आहे. कानाच्या मशीनवर जीएसटी शून्य, बड्सवर 18 टक्के. जो बहिरा गरिबीपायी बड्स घेतो तो करही भरतो.

माझा निवाडा सरळ आहे. ऐकू थोडं कमी येत असेल तर बड्स जरूर वापरा, पण आधी ऑडिओग्राम काढा. खड्डा कुठे आणि किती खोल, हे बड्स सांगत नाहीत. एकाच कानाला कमी येत असेल, कान वाहत असेल, चक्कर येत असेल किंवा एका रात्रीत ऐकू येणं बंद झालं असेल, तर दुकानात न जाता कानाच्या डॉक्टरकडे जा, आणि त्याच दिवशी जा. आवाज ताणून मोठा करू नका. आठवड्याला चाळीस तास 80 डेसिबल, ह्यापलीकडे जागतिक आरोग्य संघटनाही जाऊ नका म्हणते.

आणि चाकण-भोसरीत आज प्रेसवर, ग्राइंडरवर, फोर्जिंगला उभ्या असलेल्या पोरांना सांगणं: नोकरीला लागताना ऑडिओग्राम काढून घ्या, दरवर्षी तपासणी मागा, आणि प्रत्येक वेळी कागदाची प्रत घरी आणून ठेवा. उद्या भरपाई मागायची वेळ आली तर कान आधी धड होता हे सिद्ध करणारा तेवढाच पुरावा तुमच्या हातात असेल.