बाँडचा वारस कोण? नागपूरकरांनी जरा जपून बोलावं!

राजेहो, पुढचा जेम्स बाँड कोण, यावर सध्या आपल्या गावातही जोरदार वाद चालू आहेत. धरमपेठेतल्या चहाच्या टपरीपासून सदरपर्यंत, आणि व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका. एक पोट्टा म्हणतो, बाँड गोराच पाहिजे. दुसरा म्हणतो, इद्रिस एल्बाला तेव्हाच घ्यायला पाहिजे होता. तिसऱ्याला बाई बाँड नको. चौथा म्हणतो, डॅनियल क्रेगनंतर दुकान बंद करा.

मी इतिहासात रमणारा माणूस. मला या भांडणात सिनेमा कमी आणि आपल्या महालातला भोसल्यांचा वाडा जास्त दिसतो. कारण हा वाद नटाचा नाहीच. हा वाद वारसाचा आहे. आणि वारसाच्या वादात गादी कशी जाते, हे नागपूरइतकं कोणाला माहीत असणार?

आधी बाँडचं घराणं बघू.

१९६२ ते २०२१ या काळात या मालिकेचे २५ अधिकृत सिनेमे आले आणि सहा जण बाँड झाले. शॉन कॉनरी सहा सिनेमे, जॉर्ज लेझनबी एकच, रॉजर मूर सात, टिमथी डाल्टन दोन, पिअर्स ब्रॉस्नन चार आणि क्रेग पाच. आता "बाँड अस्सल इंग्रजच पाहिजे" म्हणणाऱ्यांनी ही यादी जरा नीट वाचावी. कॉनरी स्कॉटलंडचा. लेझनबी ऑस्ट्रेलियाचा, आणि तो नट नव्हे तर मॉडेल होता. डाल्टनचा जन्म वेल्समधला. ब्रॉस्नन आयरिश. म्हणजे सहापैकी इंग्लंडचे फक्त दोन, मूर आणि क्रेग.

आणखी गंमत पुढे आहे. कादंबऱ्या लिहिणाऱ्या इयान फ्लेमिंगला सुरुवातीला कॉनरी पसंत नव्हता. पण सिनेमा चालला, कॉनरी लोकांना आवडला, आणि फ्लेमिंगने नंतरच्या लिखाणात बाँडचा बापच स्कॉटिश करून टाकला! वारस आधी गादीवर बसला, वंशावळ मागून लिहिली. आपल्याकडच्या भाटांनी याहून वेगळं काय केलं?

प्रत्येक बदलाच्या वेळी लोक रडलेच आहेत. लेझनबी आला तेव्हा कॉनरी पाहिजे होता. १९७१ मध्ये कॉनरी परत आला, आणि लगेच १९७३ मध्ये मूर. मूर तर कॉनरीपेक्षा वयाने तीन वर्षं मोठा! १९८६ मध्ये ब्रॉस्ननचं नाव जवळजवळ पक्कं झालं होतं, पण त्याच्या टीव्ही मालिकेच्या कराराने घात केला आणि डाल्टनची लॉटरी लागली. मग कोर्टकज्ज्यांमुळे १९८९ ते १९९५ अशी सहा वर्षं पडदा रिकामा. २००५ मध्ये क्रेगचं नाव जाहीर झालं, तर चाहत्यांनी बहिष्काराची वेबसाइट काढली. कारण काय? केस सोनेरी! पुढच्या वर्षी 'कॅसिनो रॉयल' आला आणि तेच लोक तिकिटाच्या रांगेत. आज क्रेग म्हणजेच खरा बाँड अशी शपथ घेणारे कोण आहेत, ते तुम्हीच ओळखा.

थोडक्यात, बाँडचं घराणं हे दत्तकाचं घराणं आहे. रक्त बघून नाही, काम बघून वारस घेतलेलं. पडद्यामागेही तेच. अल्बर्ट ब्रोकोली यांच्यानंतर ही मालिका सांभाळली ती त्यांची मुलगी बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकेल विल्सन यांनी.

आता नागपूरकडे या.

१८१८ मध्ये इंग्रजांनी अप्पासाहेब भोसल्यांना गादीवरून काढलं आणि दुसऱ्या रघुजींच्या मुलीच्या मुलाला, एका लहान पोराला, दत्तक देऊन तिसरा रघुजी म्हणून बसवलं. पोर लहान, म्हणून कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स बघणार. म्हणजे तेव्हा दत्तक चालला. मुलीकडचा वारस चालला. का चालला? कंपनीच्या सोयीचा होता म्हणून.

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले. पोटी मुलगा नाही. घराण्यातल्या बायकांना दत्तक घ्यायचा होता, मुलगाही नजरेसमोर होता. पण आता डलहौसी म्हणाला, औरस वारस नाही, राज्य खालसा. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य कंपनीच्या घशात गेलं. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या नियमाने राजा बसवला, तोच नियम आता बाद! राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात लिलावात निघाले. दागदागिने विकायला कलकत्त्याला गेले. आणि जो मुलगा दत्तक म्हणून चालत नव्हता, त्याच जानोजींना १८५७ नंतर घराण्याचा वारस म्हणून मान्यता आणि 'राजाबहादूर' हा किताब मिळाला. राज्य मात्र गेलं ते गेलं.

यातून मी एक गोष्ट शिकलो. वारसाच्या भांडणात "वारस कोण" हा प्रश्न दुसरा असतो. पहिला प्रश्न असतो, "ठरवणार कोण?"

आता बाँडकडे परत बघा. २०२२ मध्ये ॲमेझॉनने एमजीएम हा स्टुडिओ विकत घेतला, सुमारे साडेआठ अब्ज डॉलरला. तरी बाँडचे निर्णय ब्रोकोली घराण्याच्याच हातात होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेही बदललं. बार्बरा आणि मायकेल बाजूला झाले, सर्जनशील निर्णयांचा ताबा ॲमेझॉनकडे गेला. मग निर्माते आले, दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह आले, लेखक म्हणून स्टीव्हन नाइट आले. आपण इकडे नटावर भांडत बसलो आणि तिकडे गादीच कंपनीकडे गेली!

फरक आहे, मान्य. इथे कोणी जबरदस्ती केली नाही, व्यवहार झाला, पैसे मिळाले. पण बघणाऱ्यांसाठी प्रश्न तोच. एक घराणं चुकत-माकत, भांडत का होईना, साठ वर्षं एका गोष्टीला जपत होतं. कंपनी ती जपेल, की त्या गोष्टीचे हत्ती-घोडे सुटे करून विकेल? एक मालिका बाँडच्या बॉसवर, एक त्याच्या सेक्रेटरीवर, एक त्याच्या गाडीवर. वाद घालायचाच तर यावर घाला ना भाऊ.

"मग आपल्याकडे काहून नाही असं घराणं?" हा प्रश्न दर वेळी येतो.

प्रयत्न झाले. १९६७ मध्ये 'फर्ज' आला. आपला गिरगावात वाढलेला जितेंद्र, एजंट ११६. मूळ सिनेमा तेलुगू, 'गुढाचारी ११६'. दिग्दर्शक रविकांत नगाइच. याच नगाइचांनी १९७९ मध्ये 'सुरक्षा' काढून मिथुनला गनमास्टर जी-९ केलं, १९८१ मध्ये 'वारदात'. कन्नडमध्ये राजकुमारांची सीआयडी ९९९ मालिका चालली, त्यातला एक सिनेमा तर गोव्यावरचा. मराठीत पडदा नाही, पण वाचनालयं गाजली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही तितक्याच हिरिरीने. सायकल लावून वाचनालयात रांगेत उभे राहणारे वाचक अजूनही आपल्यात आहेत.

पण यातलं एकही पात्र नटामागून नट असं घराणं होऊन टिकलं नाही. मिथुन मोठा झाला, जी-९ मागे पडला. इकडे पात्र नटाच्या खिशात असतं, तिकडे नट पात्राच्या खिशात. आजही सलमानशिवाय टायगरची कल्पना करून बघा! 'डॉन'मध्ये अमिताभच्या जागी शाहरुख आला तेव्हा २००६ मध्ये केवढी ओरड झाली होती. आपल्याला माणूस पुजायची सवय आहे, पद जपायची नाही. हे फक्त सिनेमापुरतं आहे असं वाटत असेल तर आपल्या नेत्यांच्या होर्डिंगकडे एकदा बघून घ्या.

आता बाई बाँडचा मुद्दा. २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये बाँड निवृत्त असताना ००७ हा नंबर लशाना लिंचच्या पात्राकडे गेलेला दाखवला, तर केवढा गहजब. पण खरं जग सिनेमाच्या पुढे निघून गेलं. १९९२ मध्ये स्टेला रिमिंग्टन एमआय-५ च्या प्रमुख झाल्या. त्यानंतर १९९५ मध्ये पडद्यावर ज्युडी डेंच 'एम' झाल्या. आणि २०२५ मध्ये खुद्द एमआय-६ च्या प्रमुखपदी पहिल्यांदा एक बाई आल्या, ब्लेझ मेट्रेवेली. म्हणजे खऱ्या बाँडची खरी बॉस आज बाईच आहे. आपल्याकडे यशराज 'अल्फा' या सिनेमात आलिया भट आणि आपल्या मराठी शर्वरी वाघला हेर म्हणून आणतंय, ते चांगलंच. पण रॉ किंवा आयबीच्या प्रमुखपदी आजवर एकही बाई बसलेली नाही, यावर कुठल्या ग्रुपवर वाद झालेला मी पाहिला नाही.

अजून एक. ब्रिटनने १९९४ मध्ये कायदा करून एमआय-६ ला कायद्याच्या चौकटीत आणलं आणि संसदेच्या सदस्यांची देखरेख समिती बसवली. आपली रॉ १९६८ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झाली, तिच्यासाठी संसदेचा स्वतंत्र कायदा आजही नाही. २०११ मध्ये मनीष तिवारींनी खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढे सरकलं नाही. हेराचा सिनेमा पाहून छाती फुगवायची असेल तर जरूर फुगवा. पण त्या हेरांना कायद्याचं संरक्षण आणि त्यांच्या वरच्यांना कायद्याचा लगाम असावा, ही मागणीही देशभक्तीच आहे.

शेवटी एक आपल्या मातीतला सिनेमा सांगतो, कोणाला काढायचा असेल तर.

नोव्हेंबर १८१७. सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई होते, अप्पासाहेबांची फौज हरते. पुढच्या वर्षी इंग्रज त्यांना कैद करून अलाहाबादकडे पाठवतात. मे महिन्यात वाटेत, जबलपूरच्या बाजूला, पहाऱ्यातले शिपाई फितवून अप्पासाहेब स्वतः शिपायाच्या वेशात छावणीतून निसटतात. महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाला जातात. इंग्रज मागावर. तिथून असीरगड, तिथून पंजाब, आणि शेवटी जोधपूर. तिथला राजा मानसिंग त्यांना इंग्रजांच्या हवाली करत नाही. १८४० मध्ये तिथेच त्यांचा शेवट होतो. बावीस वर्षं कंपनी बहादूर त्यांना नागपूरला परत आणू शकली नाही.

अप्पासाहेब काही संत नव्हते. चुलतभाऊ परसोजींच्या खुनाचा आळ त्यांच्यावर आहे. पण म्हणूनच गोष्ट जिवंत आहे. वेषांतर आहे, फितुरी आहे, जंगल आहे, पाठलाग आहे, आणि नायकावर संशयही आहे. लंडनच्या नटाच्या केसांच्या रंगावर तावातावाने भांडणाऱ्या आपल्या किती पोट्ट्यांना ही गोष्ट माहीत आहे? सीताबर्डीचा किल्ला आज लष्कराकडे आहे आणि वर्षातून मोजकेच दिवस लोकांसाठी उघडतो. २६ जानेवारीला, १ मेला किंवा १५ ऑगस्टला मुलांना घेऊन वर जा आणि ही गोष्ट तिथे उभं राहून सांगा.

बाँडला वारस मिळेल, त्याची काळजी करणारे खूप आहेत. आपल्या गोष्टींना वारस कोण, ते आपणच ठरवायचं आहे. नाहीतर कंपनी आहेच.

आणि हो, अप्पासाहेबांच्या भूमिकेत कोण शोभेल? खाली लिहा. भांडा, पण नीट भांडा.