मलाक्का : किल्ला गेला, घरे राहिली

दर वर्षी ३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करतो. गोव्यातील त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शनही आपल्यापैकी अनेकांनी घेतले असेल. परंतु चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर १५५२ साली देह ठेवलेल्या या संताला गोव्याच्या आधी दुसऱ्याच एका नगरीने आपल्या भूमीत विसावा दिला होता, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. मार्च १५५३ मध्ये त्यांचे पार्थिव मलाक्का येथे आणले गेले व तेथील टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरले गेले. पुढे ते हलविण्यात येऊन मार्च १५५४ मध्ये गोव्यास पोहोचले. आजच्या मलेशियातील या नगरीचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत. कारण आपल्या श्रद्धेविषयी आणि शेजारधर्माविषयी तो बरेच काही सांगतो.

इ. स. १४०० च्या सुमारास सुमात्रा बेटावरील पालेम्बांगच्या परमेश्वर नावाच्या राजपुत्राने हे बंदर वसविले. हिंदुनाम धारण करणाऱ्या या घराण्याने लवकरच इस्लामचा स्वीकार केला. सुमात्रा व मलाया यांमधील अरुंद सामुद्रधुनीवर हे स्थान होते. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर हिंदुस्थानची जहाजे येथे येत, ईशान्येच्या वाऱ्यावर चीनची. परतीचा वारा सुटेपर्यंत व्यापाऱ्यांना महिनोन्महिने मुक्काम करावा लागे. मोलुक्का बेटांची लवंग, बांदाचे जायफळ व जायपत्री, तिमोरचे चंदन, बोर्निओचा कापूर, चिनी रेशीम आणि गुजरातचे कापड यांची येथे अदलाबदल होई.

एवढे परके लोक एकत्र नांदवायचे कसे? मलाक्काच्या सुलतानांनी त्यासाठी चार शाहबंदर नेमले होते. एक केवळ गुजरात्यांसाठी. दुसरा तमिळ, बंगाली आणि पेगूचे व्यापारी यांच्यासाठी. तिसरा जावा व आसपासच्या बेटांसाठी. चौथा चिनी व त्यांच्या शेजाऱ्यांसाठी. जहाज नांगरले की ज्याचा त्याचा शाहबंदर गोदामाची व राहण्याची सोय लावी, तंटे मिटवी. पश्चिमेकडून येणाऱ्या मालावर शेकडा सहा जकात ठरलेली होती. पोर्तुगीज औषधविक्रेता तोमे पिरेश १५१२ ते १५१५ या काळात तेथे होता. या बंदरात ८४ भाषा बोलल्या जातात, अशी नोंद त्याने केली आहे.

गोवा जिंकल्यानंतर पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १५११ मध्ये, आफोन्सो दे आल्बुकर्क याने मलाक्का काबीज केले. मशिदीचे आणि सुलतानांच्या थडग्यांचे दगड काढून त्याने ‘आ फामोसा’ हा किल्ला उभारला. आपल्याच धर्मबांधवांनी केलेले हे कृत्य आपण झाकून ठेवू नये. त्याचे फळही लवकरच दिसले. अनेक मुसलमान व्यापारी आचेकडे वळले, सुलतानाच्या वंशजांनी जोहोरला नवे राज्य मांडले आणि पूर्वी एकाच धक्क्यावर येणारा व्यापार अनेक बंदरांत विभागला गेला. भिंती मजबूत झाल्या. पाहुणे मात्र दुरावले.

तथापि याच काळात येथे ख्रिस्तसभेची मुळे रुजली. १५२१ मध्ये टेकडीवर मरियामातेचे प्रार्थनामंदिर बांधले गेले. १५५८ मध्ये मलाक्का धर्मप्रांत स्थापन झाला. १५४५ मध्ये संत झेवियर प्रथम येथे आले. १५४७ मध्ये अंजिरो या जपानी गृहस्थाशी त्यांची भेट येथेच झाली आणि त्या भेटीतून जपानचे सुवार्ताकार्य उभे राहिले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करणारे आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे त्याच कार्याच्या पुढच्या पिढीतले. त्या काळी गोव्याहून जपानला जाणारी जहाजे मलाक्कावरूनच जात.

जानेवारी १६४१ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर डचांनी शहर घेतले. कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार व्हावे लागले, उघड उपासनेस मनाई झाली, टेकडीवरचे चर्च प्रॉटेस्टंट पंथाकडे गेले आणि पुढे तेथे दफनभूमी झाली. १५११ मध्ये मुसलमानांनी जे सोसले, त्याची चव आता कॅथलिकांनी चाखली. बंधने सैल झाल्यावर १७१० मध्ये उभे राहिलेले संत पेत्राचे चर्च आजही उपासनेत आहे. किल्ला इंग्रजांनी १८०७ मध्ये पाडण्यास घेतला. त्याची एक वेसच तेवढी उरली.

मग उरले काय? पोर्तुगीज पुरुष व स्थानिक स्त्रिया यांच्या विवाहांतून निर्माण झालेला मच्छीमार समाज उरला. तो स्वतःला ‘क्रिस्तांग’, म्हणजे ख्रिस्ती, म्हणवितो आणि त्याच्या बोलीचेही नाव तेच आहे. शब्द पोर्तुगीज, वाक्याचे वळण मलाय. गोऱ्या सत्तेचा आधार तुटल्यावरही आयांनी मुलांना याच बोलीत प्रार्थना शिकविल्या. चर्चचे प्रापंचिक बंधुमंडळ अजूनही गुड फ्रायडेची मेणबत्त्यांची मिरवणूक काढते. विखुरलेल्या या कुटुंबांसाठी १९२० च्या दशकात दोन धर्मगुरूंनी खटपट केली आणि समुद्रकाठी २८ एकरांवर त्यांची वसाहत उभी राहिली. जूनमध्ये तेथे ‘सान पेद्रो’चा सण साजरा होतो व होड्यांना आशीर्वाद दिला जातो.

आज मोठी जहाजे मलाक्काला न थांबता सिंगापूरला जातात. गाळाने भरलेले हे जुने बंदर आता पर्यटकांवर जगते. ७ जुलै २००८ रोजी युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. जुन्या शहरात चिनी मंदिर, मशीद व विनायकाचे देऊळ लगतच्या रस्त्यांवर हाकेच्या अंतरावर उभी आहेत. परंतु किनाऱ्यावर भराव पडल्याने मासेमारी आक्रसली आहे आणि तरुण पिढी इंग्रजीकडे वळल्याने क्रिस्तांग बोली लोप पावण्याच्या वाटेवर आहे.

या बोलीची एक बहीण आपल्या रायगड जिल्ह्यात कोर्लई गावी नांदते. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल सोडले, तरी तेथील ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली आपली बोली जपली. वसईचा किल्लाही १७३९ मध्ये पडला. श्रद्धा मात्र घराघरांत राहिली. मलाक्का, कोर्लई आणि वसई यांची साक्ष एकच आहे. तोफांच्या बळावर आलेले तोफांबरोबरच गेले. आईच्या मांडीवर शिकलेले टिकले. म्हणून आज रात्री जेवणापूर्वीची प्रार्थना आपल्या घरच्या बोलीत म्हणू या, मुलांना म्हणावयास लावू या, आणि शेजारच्या देवळातील वा मशिदीतील माणसाला आपल्या उंबरठ्याशी परके वाटू न देण्याची काळजी घेऊ या.