रंग बदलले, प्रश्न तोच : दार्जिलिंगच्या मतदानाची गोष्ट

दार्जिलिंगला गेलेला मराठी पर्यटक टायगर हिलवरून कांचनगंगा पाहतो, छोट्या रेल्वेत बसतो आणि चहाची पुडी घेऊन परततो. मीही तेच केले. पण उतारावरच्या गल्ल्यांतून चालताना नजर सारखी खाली जात होती. गटाराच्या कडेने, भिंतींवरून, पायऱ्यांखालून पाण्याच्या नळ्यांची जुडगी गेलेली होती. गावाची भिस्त सिंचलच्या दोन तलावांवर. एक १९१० सालचा, दुसरा १९३२ सालचा. २०११च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीतली लोकसंख्या होती १,१८,८०५. इतकी जुनी तहान असलेले गाव मत कशावर देत असेल?

परतल्यावर निकाल मांडून बसलो. वहीत पहिलेच वाक्य लिहिले : ‘२००९पासून भाजपचा बालेकिल्ला.’ नकाशावर ते खरेही दिसते. जसवंत सिंह २००९मध्ये अडीच लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. २०१४ला एस. एस. अहलुवालिया, २०१९ आणि २०२४ला राजू बिस्ता. पण या लोकसभा मतदारसंघातल्या सात विधानसभा जागांपैकी डोंगरातल्या तीनच : दार्जिलिंग, कर्सियांग आणि कालिम्पोंग. बाकीच्या चार सखल भागातल्या. शिवाय मागे गेलो, तर रंग भराभर बदलत होते.

१९४६मध्ये बंगालच्या विधानसभेत तीन कम्युनिस्ट निवडून गेले. त्यांतले एक ज्योती बसू, दुसरे दार्जिलिंगच्या चहामळ्यांतल्या कामगारांचे रतनलाल ब्राह्मण. म्हणजे हे गाव डावे म्हणायचे का? पण पुढच्याच वर्षी अविभक्त कम्युनिस्ट पक्षाच्या जिल्हा समितीने संविधान सभेला जे निवेदन पाठवले, त्यात मागणी होती ‘गोरखास्थान’ची. आणि ही मागणी कम्युनिस्टांनी शोधून काढलेली नव्हती. दार्जिलिंगला वेगळी प्रशासकीय व्यवस्था हवी, असा अर्ज डोंगरी लोकांच्या संघटनेने १९०७मध्येच ब्रिटिश सरकारकडे केला होता.

ऐंशीच्या दशकात सुभाष घिसिंग यांच्या गोरखा नॅशनल लिबरेशन फ्रंटने वेगळ्या राज्यासाठी रक्तरंजित आंदोलन केले. १९८८मध्ये पर्वतीय परिषदेवर तडजोड झाली. १९८९मध्ये पत्रकार इंद्रजित हे घिसिंग यांच्या पक्षाकडून खासदार झाले आणि १९९१मध्ये तेच काँग्रेसकडून. माणूस तोच, चिन्ह दुसरे. १९९२मध्ये कोकणी आणि मणिपुरीबरोबर नेपाळी भाषा आठव्या अनुसूचीत आली. भाषेचा प्रश्न सुटला, राज्याचा तसाच राहिला.

२००७मध्ये तर मतपेटीच बदलली. ‘इंडियन आयडॉल’ या स्पर्धेत दार्जिलिंगचा प्रशांत तमांग होता. त्याला मोबाइलवरून मते पडावीत म्हणून सगळा डोंगर एकवटला. सप्टेंबरमध्ये तो जिंकला. या मोहिमेत पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी ऑक्टोबरमध्ये गोरखा जनमुक्ती मोर्चा काढला आणि बघता बघता घिसिंग यांचा पक्ष मागे पडला. जसवंत सिंह निवडून आले ते याच मोर्च्याच्या पाठिंब्यावर. भाजपने जाहीरनाम्यात गोरखांच्या मागणीचा सहानुभूतीने विचार करण्याचे म्हटले होते. मी वहीतले पहिले वाक्य खोडले. बालेकिल्ला पक्षाचा नव्हता. तो प्रश्नाचा होता.

मराठी वाचकाला हे समजायला जड नाही. १९५७मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे परस्परांशी न पटणारे पक्ष एकत्र आले आणि पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला झिडकारले. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले आणि १९६२मध्ये त्याच काँग्रेसने २६४पैकी २१५ जागा जिंकल्या. मतदार लहरी नव्हता. प्रश्न सुटला, आणि तो रोजच्या राजकारणाकडे वळला. दार्जिलिंगला ते वळण मिळालेच नाही.

त्याची किंमत मोठी आहे. अस्मितेचा एकच प्रश्न असला की एकच पक्ष उरतो, आणि विरोध करणारा फितूर ठरतो. वेगळा सूर लावणारे गोरखा लीगचे मदन तमांग यांची २१ मे २०१० रोजी भर गावात हत्या झाली. मे २०१७मध्ये मोर्च्याने नगरपालिकेच्या ३२पैकी ३१ जागा घेतल्या. पुढच्याच महिन्यात बंद सुरू झाला, तो १०४ दिवस चालला. चहाचा ऐन हंगाम मळ्यांतच वाया गेला. इतक्या एकमुखी सत्तेला नळाचा जाब विचारणार कोण?

म्हणूनच मला सगळ्यांत बोलका वाटतो तो २०२२चा नगरपालिका निकाल. अवघ्या काही महिन्यांच्या हाम्रो पार्टीला ३२पैकी १८ जागा मिळाल्या. ‘हाम्रो’ म्हणजे ‘आमची’. पुढे नगरसेवकांनी पक्ष बदलले आणि ती सत्ता वर्षभरही टिकली नाही. दोन वर्षांनी लोकसभेला पुन्हा भाजपच निवडून आला. यात मला विसंगती दिसत नाही. दिल्लीला जाणारे मत राज्याच्या आशेवर दिले जाते, नगरपालिकेचे मत नळाच्या आशेवर. दोन्ही आशा खऱ्या आहेत. आजवर पहिलीने दुसरीला बोलू दिले नव्हते. त्या फेब्रुवारीत ती एकदा बोलली.

आता दार्जिलिंगचा निकाल वाचताना मी रंग पाहत नाही. त्या नळ्यांची जुडगी आठवतो, आणि त्यांतून पाणी आले का, एवढेच विचारतो.