गाइडच चुकत असेल तर? श्वासाच्या इतिहासातली एक गोष्ट

पीएचडीला येऊ पाहणारे बरेच जण विचारतात, "डेटा गाइडच्या मताविरुद्ध गेला तर काय करायचं?" थेट उत्तर माझ्याकडे नाही. कोपनहेगनची एक गोष्ट मात्र आहे.

वायुकोशातला ऑक्सिजन विसरणाने रक्तात जातो, जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, हे तुम्ही बारावीत शिकलात. पण 1900 च्या सुमारास हे ठरलेलं नव्हतं. ख्रिश्चन बोर (अणुवाल्या नील्स बोर यांचे वडील) यांच्या मोजणीत धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब कधीकधी फुप्फुसातल्या हवेपेक्षा जास्त यायचा. नुसत्या विसरणाने हे शक्यच नाही. पाणी आपोआप चढावर जात नाही. म्हणून बोर म्हणाले, फुप्फुस ग्रंथीसारखं ऑक्सिजन रक्तात ढकलत असणार. माशांच्या वाताशयात ऑक्सिजन असाच साठवला जातो, त्यामुळे कल्पना काही वेडगळ नव्हती.

ऑगस्ट क्रोग हे बोर यांचे विद्यार्थी आणि सहायक. त्यांना शंका आली ती मोजण्याच्या पद्धतीबद्दल. त्यांनी नवं उपकरण बनवलं: वाहत्या रक्तात हवेचा अगदी छोटा बुडबुडा ठेवायचा, मग त्यातले वायू तपासायचे. बुडबुडा जितका छोटा, तितकं आकारमानाच्या मानाने त्याचं पृष्ठफळ जास्त, म्हणून तो रक्ताशी लवकर समतोलाला येतो. पत्नी मारी, स्वतः डॉक्टर, या कामात बरोबरीने होत्या. धमनीतला दाब फुप्फुसातल्या हवेपेक्षा कमीच निघाला. विसरण पुरेसं होतं.

1910 मध्ये सात पेपर एकदम आले. त्यात क्रोग यांनी गुरूंची मतं खोडावी लागत असल्याचं स्पष्ट लिहिलं, आणि त्यांचं ऋणही मान्य केलं. पुढच्याच वर्षी बोर वारले. वाद तिथे संपला नाही. इंग्लंडमध्ये जे. एस. हॉल्डेन यांच्यासारखा मोठा शास्त्रज्ञ नंतरही अनेक वर्षं जुन्या मताला धरून राहिला. दुसरीकडे, मारी यांनी 1915 मध्ये विसरणक्षमता मोजायला कार्बन मोनॉक्साइड वापरला. आजच्या फुप्फुसांच्या तपासणीत तेच तत्त्व आहे.

आणि बोर? कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं, तो 'बोर परिणाम' आजही पाठ्यपुस्तकात आहे. 1904 च्या त्या पेपरवर क्रोग यांचंही नाव आहे.

तेव्हा लिटरेचर रिव्ह्यू करताना "कोण म्हणालं?" याच्या शेजारी "कसं मोजलं?" हा रकानाही ठेवा. गाइडशी बोलायची वेळ आलीच, तर तोच रकाना घेऊन जा.