मावळचं पाणी, मुंबईची वीज: मालक नेमका कोण?

लोणावळ्याजवळचं वलवण धरण टाटा पॉवरचं. त्याच्या पाण्यावर खोपोलीत वीज तयार करणारं केंद्रही टाटा पॉवरचं. पण कुलाबा ते माहीम-सायन या मुंबई बेटावर बहुतेक घरांत वीज पोचते ती बेस्टच्या तारांमधून, आणि बेस्ट मुंबई महापालिकेची. धरणाच्या काठावरच्या मावळातल्या गावात मात्र बिल येतं महावितरणचं, म्हणजे राज्य सरकारच्या कंपनीचं.

वीज कंपनी सरकारी असावी की खासगी, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी पेटतो. मावळ आणि मुंबईमध्ये हे दोन्ही प्रकार कित्येक दशकं एकमेकांना जोडलेले आहेत. म्हणून हा विषय समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

थोडक्यात

- ‘वीज कंपनी’ ही एकच गोष्ट नसते. पाणी आणि जमीन, निर्मिती, पारेषण, वितरण असे वेगवेगळे थर असतात. प्रत्येक थराचा मालक वेगळा असू शकतो.
- मालक सरकारी असो वा खासगी, वीजदर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग.
- मालकी बदलली की नफा कुठे जातो आणि जाब कोणाला विचारायचा, हे बदलतं.
- ज्यांच्या जमिनीवर धरण आहे ते त्या विजेचे मालकही नसतात आणि ग्राहकही. त्यांचा प्रश्न दोन्ही पद्धतींत मागे राहिला आहे.

पाण्यातून वीज किती निघते?

वलवण, लोणावळा आणि शिरोता या तलावांचं पाणी कालव्यांनी खंडाळ्याच्या बाजूला नेलं जातं आणि तिथून मोठ्या पाइपांमधून घाटाखाली खोपोलीला सोडलं जातं. उंचीतला फरक सुमारे ५०० मीटर. एवढ्या दाबाची धार पेल्टन जातीच्या टर्बाइनवर मारली की ते फिरतं, आणि त्याला जोडलेला जनित्र वीज तयार करतो.

हिशोब सोपा आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे १,००० लिटर, गच्चीवरच्या एका साध्या टाकीएवढं. ते ५०० मीटर खाली पडलं की साधारण १.३६ युनिट ऊर्जा मिळते. यंत्रातली घट धरली तर हातात उरतं १.१ ते १.२ युनिट. एक टीएमसी पाणी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर, म्हणजे तीन कोटींहून थोडी जास्त युनिटं.

वीज तयार करताना पाणी संपत नाही, पण त्याची दिशा बदलते. हे पाणी मुळात इंद्रायणीतून भीमेला आणि पुढे कृष्णेला, म्हणजे पूर्वेकडे जाणारं. खोपोलीनंतर ते पाताळगंगेत, कोकणात उतरतं. तिथे कारखाने आणि शहरं ते वापरतात. आंदर मावळातल्या ठोकळवाडी धरणाचं पाणी भिवपुरीमार्गे उल्हास नदीत जातं, आणि मुळशीचं भिरामार्गे कुंडलिकेत. कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांच्या धरणांतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला मर्यादा घातली. सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी, म्हणजे वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास. हे पाणी भीमा खोऱ्यातच राहू द्या, ही मागणी दुष्काळी वर्षांत हमखास पुढे येते.

म्हणजे सगळ्यात खालच्या थरावर, पाण्याच्या थरावर, ‘मालक कोण’ याचं उत्तर एका कंपनीच्या नावात संपत नाही.

खासगी धरण, सरकारी बळ

टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० साली स्थापन झाली. १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते वलवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. पहिले मोठे गिऱ्हाईक होत्या कापड गिरण्या. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा सुरू झालं. या वेगवेगळ्या कंपन्या २००० साली टाटा पॉवरमध्ये एकत्र आल्या. आज तिन्ही ठिकाणची जलविद्युत क्षमता ४४७ मेगावॉट आहे.

भांडवल खासगी होतं, पण जमीन मिळाली ती सरकारच्या भूसंपादनाच्या अधिकारातून. त्यावरून मावळच्या शेजारी मुळशीत मोठा लढा झाला. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह सुरू झाला. तो १९२४ पर्यंत चालला, नेत्यांना तुरुंगवास झाला, आणि धरण मात्र झालंच. बुडालेल्या गावांतल्या शेतकऱ्यांचा कंपनीशी कुठलाच व्यवहार ठरला नव्हता. तो व्यवहार सरकारने त्यांच्या वतीने करून टाकला होता.

१९४७: बेट पालिकेकडे

मुंबईत वीजपुरवठा आणि ट्रामसाठी १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही खासगी कंपनी आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ती महापालिकेने ताब्यात घेतली. तीच आजची बेस्ट.

इथे एक गंमत आहे. वितरण सार्वजनिक झालं, पण बेस्टचं स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही. ती वीज विकत घेते आणि दशकानुदशकं तिचा मुख्य पुरवठादार टाटाच राहिला. कुठल्याही वितरण कंपनीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा वीजखरेदीचा असतो. त्यामुळे मालक बदलला तरी बिलाचा मोठा भाग दुसऱ्याच थरावर ठरत राहिला.

पालिकेच्या मालकीचा फायदा काय? वर्षानुवर्षं विजेच्या शिलकीतून बसचा तोटा भरला गेला आणि मुंबईत बसभाडं कमी राहिलं. खासगी कंपनीने हे केलं नसतं. आणि तोटा? तोही हाच. शिलक पुरेना, तेव्हा काही वर्षं बसच्या तोट्याची वसुली थेट वीजबिलात आकार लावून झाली. ज्यांनी कधी बस वापरली नाही त्यांनीही ती भरली. हे योग्य की अयोग्य यावर मतं वेगळी असतील, पण निदान हा निर्णय मतदाराला उत्तर देणाऱ्या संस्थेचा होता. अर्थात, तशी संस्था जागेवर असेल तर! मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात बेस्टचे ‘मालक’ असलेल्या मुंबईकरांना जाब विचारायला नगरसेवकच नव्हता.

उपनगर: तार एकाची, वीज दुसऱ्याची

मुंबईच्या उपनगरांत १९२९ पासून बीएसईएस ही कंपनी होती. ती पुढे रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये अदानींकडे. ग्राहकाचं घर तेच, मीटर तोच, बिलावरचं नाव बदलत गेलं.

२००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरलाही मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज विकता येईल असा निकाल दिला. मग एकाच भागात दोन परवानाधारक झाले. पण प्रत्येक गल्लीत दुसरी तार टाकणं परवडत नाही. म्हणून ग्राहक टाटाचा, तार रिलायन्सची, आणि त्या तारेचं भाडं म्हणून ‘वहन आकार’, अशी सोय झाली. एका मोबाइल कंपनीचा टॉवर दुसरीने भाड्याने वापरावा, तसंच काहीसं.

यात एक मेख आहे. जास्त दर भरणाऱ्या मोठ्या ग्राहकांच्या पैशातून छोट्या ग्राहकांचा दर खाली ठेवलेला असतो. मोठे ग्राहक स्वस्त वीज बघून निघून गेले, तर मागे राहिलेल्यांचा दर वाढतो. ते थांबवायला क्रॉस-सबसिडी अधिभार लावावा लागला. जानेवारी २०२३ मध्ये महावितरणच्या भागात अदानींना समांतर परवाना देण्याच्या प्रस्तावाविरुद्ध वीज कर्मचारी संपावर गेले, त्यातला एक मुख्य आक्षेप हाच होता: मलईदार ग्राहक खासगीकडे जातील, खेडी आणि शेतीपंप सरकारी कंपनीच्या गळ्यात राहतील. मावळसारख्या तालुक्यात हा प्रश्न फार जवळचा आहे. लोणावळ्यातली हॉटेलं, तळेगावचे कारखाने आणि नाणे मावळातली वाडी आज एकाच महावितरणच्या ताळेबंदात आहेत.

मग आयोग काय करतो?

नियामक आयोग १९९९ मध्ये आला. महावितरण, बेस्ट, टाटा, अदानी सगळ्यांना आपला खर्च त्याच्यापुढे मांडावा लागतो. आयोग खर्च तपासतो, भांडवलावर ठरावीक परतावा मान्य करतो आणि दर ठरवतो. जाहीर सुनावणीत सामान्य ग्राहकही हरकत घेऊ शकतो. त्यामुळे ‘खासगी म्हणजे मनमानी दर’ आणि ‘सरकारी म्हणजे स्वस्त वीज’ ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. परतावा भागधारकांकडे जातो की सार्वजनिक तिजोरीत, एवढा फरक मात्र राहतोच.

बेट खरंच एकटं उभं राहू शकतं का?

वीज अभियांत्रिकीत ‘आयलंडिंग’ असा शब्द आहे. बाहेरचं जाळं कोसळलं की शहराने स्वतःला त्यापासून तोडायचं आणि स्वतःच्या केंद्रांवर चालत राहायचं. मुंबईसाठी अशी व्यवस्था १९८०च्या दशकापासून आहे. पण त्यासाठी आतली निर्मिती आणि आतली मागणी जुळावी लागते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईकडे येणाऱ्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या, हे बेट टिकलं नाही आणि शहर अंधारात गेलं. पुरवठा परत आणताना खोपोली-भिरासारखी जलविद्युत केंद्रं कामी येतात, कारण झडप उघडली की ती काही मिनिटांत सुरू होतात. त्या दिवशी खासगी, पालिकेचे आणि सरकारी असे सगळेच ग्राहक एका जाळ्यात होते. मालकीच्या सीमा तारेला कळत नाहीत.

तिसरा पर्याय: सहकार

हवाईतल्या काउआई बेटावर ग्राहकांनीच सहकारी संस्था काढून २००२ मध्ये खासगी वीज कंपनी विकत घेतली. ती आजही चालू आहे. महाराष्ट्रातही असा प्रयोग झाला. श्रीरामपूर भागातली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था कित्येक वर्षं वितरण करत होती. थकबाकी वाढत गेली आणि २०११ मध्ये तो भाग महावितरणकडे आला. ग्राहक हाच मालक असला तरी वसुली आणि तारांची देखभाल कोणालाही चुकत नाही.

मावळच्या माणसाची जागा कुठे?

धरण सरकारी असतं तर मावळचं भलं झालं असतं, असं वाटू शकतं. पण मावळातच त्याचं उत्तर आहे. पवना धरण सरकारने बांधलं. तिथल्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन अनेक दशकं रखडलं. त्याच धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. धरण सरकारी, योजना महापालिकेची, आणि तरीही शेतकऱ्याचं म्हणणं रस्त्यावरच मांडावं लागलं.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरोता येथे १,८०० आणि भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी करार केला. उदंचन म्हणजे दिवसा सौर वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. पाण्याची बॅटरीच म्हणा ना. सौर ऊर्जा वाढवायची तर असं काहीतरी लागणार, हे खरं आहे. पण शंभर वर्षांनी पुन्हा त्याच डोंगरांकडे शहराच्या गरजेसाठी पाहिलं जातं आहे, हेही तितकंच खरं.

म्हणून असा प्रकल्प किंवा खासगीकरणाची बातमी वाचाल तेव्हा चार प्रश्न विचारा:

१. कुठल्या थराची मालकी बदलते आहे: पाणी, निर्मिती, पारेषण की वितरण?
२. परतावा कोणाला मिळणार आणि तोटा झाला तर कोण भरणार?
३. कमी पैसे देणारा ग्राहक कोणाकडे राहणार?
४. जो मालकही नाही आणि ग्राहकही नाही, पण ज्याची जमीन किंवा पाणी यात जातं, त्याने कुठे आणि कोणासमोर बोलायचं?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आयोगाच्या आदेशांत शोधली तर सापडतात. चौथ्यासाठी अजून तरी आयोग नाही.