भोंगऱ्याचे रंगवलेले चित्र

होळीच्या आधीच्या आठवड्यात नंदुरबार जिल्ह्याच्या सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात आणि दरवर्षी त्यांचे एकच चित्र बाहेर पोहोचते: तरुणाने गालाला गुलाल लावला, तरुणीने उलट लावला, दोघे पळून गेले, लग्न झाले. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरच्या भगोरियाबद्दलही हेच लिहिले जाते. हा प्रेमाचा बाजार नाही, असे आदिवासी कार्यकर्ते अनेक वर्षे सांगत आहेत. त्यांचे म्हणणे मला पटते, कारण पुरावा त्यांच्या बाजूचा आहे. भोंगऱ्याला स्वतःची तिथी नाही. ज्या गावचा आठवडे बाजार ज्या वारी, त्या वारी होळीआधी भरणारा शेवटचा बाजार म्हणजे तिथला भोंगऱ्या; त्याच्या आधीच्या आठवड्यातला गुलाल्या. लोक तिथे डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंगण घेतात, कारण होळीच्या पूजेला ते लागते. ढोल वाजतात, नाच होतो. पण वार ठरवते ती खरेदी. पुढची होळी तर व्रताची. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी संस्थानची राजवाडी होळी १२४६ पासून चालत आली असे परंपरा सांगते. ती पहाटे पेटते. अंगावर पांढरे ठिपके काढून, डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला भोपळे बांधून नाचणारे बावा-बुध्या नवसाचे असतात. व्रताच्या दिवसांत ते जमिनीवर झोपतात, अंघोळ करत नाहीत, स्त्रीस्पर्श टाळतात. बाहेरच्या छायाचित्रांत सर्वांत जास्त झळकणारे हेच नाचे ब्रह्मचर्य पाळत असतात, आणि छायाचित्राखाली मात्र प्रणयाची गोष्ट छापली जाते.

यावर कोणी म्हणेल, तरुण मुले-मुली तिथे भेटतात, एकमेकांना पसंत करतात, हे तर खरे ना? खरेच आहे. दूरदूरच्या पाड्यांवरची माणसे वर्षातून ज्या मोजक्या दिवशी एकत्र येतात, त्या दिवशी नजरा जुळणारच. कोणत्याही जत्रेत हे घडते. म्हणून जत्रा त्यासाठी भरते असे कोणी म्हणत नाही. बाजाराला लग्नमंडप ठरवले की इथली खरी लग्नव्यवस्था दिसेनाशी होते, ही माझी मुख्य तक्रार आहे. भिल्ल आणि पावरा समाजात वरपक्ष वधूपक्षाला देज देतो. देज किती, हे पंच बसून ठरवतात. मुलगी पळून गेली तरी पंचांची बैठक चुकत नाही, ती फक्त नंतर होते. घटस्फोट आणि विधवेचे पुन्हा लग्न हेही रूढीला मान्य. बाई नवऱ्याला सोडून दुसऱ्याकडे गेली, तर पहिल्याचा मत्सर आणि अपमान पंचांपुढे येतो आणि नवा नवरा भरपाई देऊन तो मिटवतो.

याच्या शेजारी बंगालचे एक प्रकरण ठेवून पाहावे. १८७३ मध्ये नबीनचंद्र बॅनर्जीने तारकेश्वरच्या महंतावरून संशय आणि संतापाच्या भरात पत्नी एलोकेशीचा खून केला, आणि कालीघाटच्या पटकारांनी त्या खुनाची जलरंगातली चित्रे हातोहात विकली. तिथे मत्सराचे चित्र झाले. सातपुड्यातल्या तडजोडीचे असे चित्र कोणी काढले नाही. तंट्यातून सुटलेली बाई विकण्याजोगा विषय नसते. सातपुड्यात मत्सरातून खून होतच नाहीत, असा माझा दावा नाही. पण समाजाने तंटा मिटवण्याची वाट आखून ठेवली होती, हे महत्त्वाचे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: देज म्हणजे बाईची किंमतच नाही का? भरपाईचा हिशेब पुरुषापुरुषांत होतो, पंचही पुरुष, आणि बाईच्या मनाचा विचार त्यात उशिरा येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. देजाची रक्कम वाढली की तरुण कर्जात, मजुरीत अडकतो. पण हुंड्यात मुलगी माहेरावरचे ओझे ठरते. इथे तिच्या श्रमाचे मोल मान्य असते, आणि नांदणे असह्य झाले तर बाहेर पडण्याची रीतही ठरलेली असते. ही रीत आज किती बायकांच्या उपयोगी पडते, हा प्रश्न भोंगऱ्याच्या बातमीत कधीतरी विचारला जायला हवा.